माळ्यावरचा स्टिरिओ: आधी दुरुस्ती, मग सुधारणा

पहिली सूचना: प्लग लावू नका. माळ्यावरून उतरवलेला ॲम्प्लिफायर असो, आजोबांचा रेकॉर्ड प्लेअर असो की मस्कतहून काकांनी आणलेला कॅसेट डेक, धूळ पुसली की हात आपोआप सॉकेटकडे जातो. ‘बघू तरी, चालतोय का.’ वीस-पंचवीस वर्षं बंद असलेल्या यंत्रासाठी हीच दहा सेकंदं सर्वांत घातक असतात. आत पॉवर सप्लायचे मोठे कंडेन्सर असतात. त्यांच्यातल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो आणि वापर थांबला की तो हळूहळू विरत जातो. अशा कंडेन्सरला एकदम पूर्ण व्होल्टेज मिळालं की तो शॉर्ट होतो. त्यातून फ्यूजच्या जागी पूर्वी कुणीतरी जाड तार गुंडाळून ठेवलेली असली, तर धूर थेट ट्रान्सफॉर्मरमधून निघतो. किरकोळ किमतीचा एक भाग यंत्रातल्या सगळ्यात महागड्या भागाला सोबत घेऊन जातो.

कोल्हापुरात अशी यंत्रं पुष्कळ घरांत आहेत आणि त्यांच्याशेजारी तबकड्यांची पेटीही असते. अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी इथे आश्रय दिला, गायन समाज देवल क्लब 1883 पासून इथे आहे, आणि मराठीतला पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ प्रभात कंपनीने 1932 साली याच शहरात उभा केला. ऐकण्याची सवय या गावाला जुनी आहे. म्हणूनच पेट्यांमधून केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर सापडतात आणि त्यांच्याखाली चित्रपटगीतांच्या आणि लावण्यांच्या तबकड्यांची थप्पी. हे सगळं मोबाइलवर मिळतं, हे मला ठाऊक आहे. तरीही घरातली तबकडी घरातल्या यंत्रावर वाजावी असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

माझं सांगणं एकच. यंत्राला आधी त्याच्या मूळ आवाजावर आणा. त्यावर दोन-तीन महिने ऐका. त्यानंतरच त्यात काय बदलायचं ते ठरवा. नवशिके बहुतेक वेळा उलट्या क्रमाने जातात: चालू न झालेल्या ॲम्प्लिफायरमध्ये महागडे कंडेन्सर, नवे ट्रान्झिस्टर, ब्लूटूथची पट्टी असं सगळं एका रविवारी बसवतात. मग आवाज येत नाही तेव्हा दोष जुन्या भागाचा, नव्या भागाचा की स्वतःच्या डागाचा, हे कळायला मार्गच उरत नाही.

सुरुवात कोणत्या यंत्रापासून करावी, याचं उत्तर स्पष्ट आहे: 1970 किंवा 80 च्या दशकातला ट्रान्झिस्टरवर चालणारा, साधा, सुटा ॲम्प्लिफायर. सोनोडाइन, कॉस्मिक, फिलिप्स, नॉर्ज अशा भारतात बनलेल्या ॲम्प्लिफायरांची रचना मोकळी असते. एका बाजूची सर्किटची पट्टी, मोठे भाग, हाताने केलेली जोडणी. नवख्याला त्यातून वाट काढता येते. रेडिओ, टेप आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच पेटीत असलेला ‘थ्री-इन-वन’ मात्र पहिल्या कामासाठी घेऊ नका. त्यात एका पट्ट्यासाठी संपूर्ण पेटी खोलावी लागते.

व्हॉल्व्हच्या सेटचा मोह तर अजिबात नको. त्यातली 250-300 व्होल्टची डीसी माणसाला मारू शकते. जुन्या ‘एसी-डीसी’ रेडिओंची गोष्ट त्याहून गंभीर आहे. यूसीएच 81, यूएल 84 असे ‘यू’ने सुरू होणारे व्हॉल्व्ह असलेल्या या सेटांत वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मरच नसतो आणि पत्र्याची चासी थेट घरच्या विजेला जोडलेली असते. प्लग उलटा बसला तर चासीत पूर्ण 230 व्होल्ट येतात. बाहेरून दिसणारा एखादा सुटा स्क्रूसुद्धा पुरतो. असे सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेल्या जाणत्या कारागिराकडेच द्यावेत. घरात मुलं असतील तर तोवर त्यांची वायर कापून ठेवा.

आता साधनं. पंचवीस ते चाळीस वॅटचा सोल्डरिंग आयर्न, 60/40 कथील, कथील ओढून घेणारा पंप, डिजिटल मल्टिमीटर, चांगले स्क्रू ड्रायव्हर, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक स्प्रे. दारांच्या बिजागऱ्यांवर मारायचा गंज काढणारा स्प्रे या कामाला चालत नाही. तो तेलकट थर मागे सोडतो आणि धूळ धरून ठेवतो. याशिवाय हवा सिरीज बोर्ड. वायरमनकडे हा असतोच. एका लाकडी फळीवर होल्डर आणि सॉकेट अशा रीतीने जोडायचे, की यंत्राकडे जाणारी फेजची वायर बल्बमधून जाईल. बल्ब तारेचा, म्हणजे फिलामेंटचाच हवा, साठ किंवा शंभर वॅटचा. एलईडी बल्ब इथे निरुपयोगी आहे, कारण त्याचा रोध तारेच्या बल्बसारखा बदलत नाही.

या बोर्डावर यंत्र पहिल्यांदा सुरू करायचं. बल्ब क्षणभर उजळला आणि मग मंद झाला, तर कंडेन्सर भरले गेले आणि आत मोठा शॉर्ट नाही. बल्ब तसाच लखलखत राहिला, तर लगेच बंद करा. आत काहीतरी शॉर्ट आहे, पण बल्बने सगळा भार स्वतःवर घेतल्यामुळे यंत्र वाचलं. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: हा बल्ब यंत्राचं रक्षण करतो, तुमचं नाही. यंत्रातला झटका तेवढाच जोराचा बसतो.

त्याआधी प्लग काढलेल्या अवस्थेत झाकण उघडा आणि नुसतं बघा. जळका वास आहे का, कुठल्या कंडेन्सरचं डोकं फुगलंय का, कुठे तपकिरी चिकट द्रव वाळलाय का, पट्टीवर काळा डाग आहे का. झुरळांनी आणि उंदरांनी काय केलंय तेही पाहा. आपल्याकडे वायरींचे तुकडे उंदरांनीच केलेले असतात. मोबाइलवर प्रत्येक बाजूने फोटो काढा. कोणती वायर कुठे गेली आहे हे सगळं लक्षात राहील असं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी ते आठवत नाही. फ्यूजवरचा आकडा वाचा आणि तारेचं गुंडाळण असेल तर ते काढून त्या आकड्याचाच फ्यूज घाला. मागे व्होल्टेज निवडायचं बटण असेल तर ते 240 वर ठेवा.

परदेशातून आलेल्या यंत्राबाबत इथेच थोडं थांबू. जपानी बाजारासाठी बनलेलं यंत्र 100 व्होल्टवर चालतं, अमेरिकेतलं साधारण 117 वर. त्यांना स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो यंत्राच्या मागे लिहिलेल्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा घ्यावा. जपानी रेडिओचा एफएम पट्टा पूर्वी 76 ते 90 मेगाहर्ट्झ एवढाच असे. आपली बहुतेक खासगी केंद्रं त्याच्या वर आहेत, त्यामुळे रेडिओ ‘बिघडलेला’ नसतो, तो वेगळ्या देशाचा असतो.

सिरीज बोर्डावर सगळं शांत राहिलं की खरं काम सुरू होतं. मी आधी सफाई करतो. व्हॉल्यूम फिरवताना होणारी खरखर, एक बाजू मधेच गायब होणं, सिलेक्टर हलवला की आवाज येणं, या तक्रारींतल्या पुष्कळशा केवळ मळलेल्या संपर्कांमुळे असतात. क्लीनरचा स्प्रे व्हॉल्यूम कंट्रोलच्या आत, पायांजवळच्या फटीतून मारा आणि बटण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. प्रत्येक स्विचला तसंच करा. जपानी ॲम्प्लिफायरमध्ये सुरू केल्यावर काही सेकंदांनी ‘टक्’ असा आवाज येतो, तो स्पीकरच्या रिलेचा. त्याचे संपर्क काळे पडले की एक चॅनेल गळतो. अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी संपर्कांमधून ओढली की बहुधा काम होतं. पॉलिश पेपर लावू नका, वरचा चांदीचा मुलामा निघून जातो.

मग कंडेन्सर. काम सुरू करण्याआधी ते रिकामे करा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून नाही, तर 1 किलोओहम, 5 वॅटचा रेझिस्टर दोन टोकांना अर्धा मिनिट धरून, आणि मग मीटरने मोजून. बदलायचे ते इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर: पॉवर सप्लायचे मोठे, स्पीकरकडे आवाज नेणारे आणि पुढच्या भागातले 1 ते 10 मायक्रोफॅरडचे छोटे. छोटे सगळ्यात आधी सुकतात, हे नवख्यांना माहीत नसतं. नवा कंडेन्सर मायक्रोफॅरडमध्ये जुन्याइतका किंवा वीसेक टक्के जास्त, व्होल्टमध्ये जुन्याइतका किंवा जास्त, आणि शक्यतो 105 अंशांचा घ्यावा. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटं बसवलं तर तो फुटतो. पॉवर सप्लायमध्ये ‘मोठा घातला तर बास वाढेल’ म्हणून चौपट आकाराचा घालू नका. सुरू होताना डायोडवर आणि स्विचवर त्याचा ताण येतो. पॉलिएस्टरचे, सिरॅमिकचे कंडेन्सर ठीकच असतात. त्यांना हात लावण्याचं कारण नाही.

सुटे भाग घेताना डोळे उघडे ठेवा. शहरातल्या इलेक्ट्रॉनिक भागांच्या दुकानात बरंच मिळतं, नाही मिळालं तर पुण्यात बुधवार पेठ आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड आहेच. पण 2एन3055 सारख्या जुन्या पॉवर ट्रान्झिस्टरच्या नावाने नकली माल खूप विकला जातो. हातात घेतल्यावर फारच हलका वाटला, अक्षरं बोटाने पुसली गेली, किंवा भाव वाजवीपेक्षा खूप कमी सांगितला तर तो घेऊ नका. ट्रान्झिस्टर बदलताना त्याखालचा अभ्रकाचा पातळ पत्रा आणि हीट सिंक कंपाउंड पुन्हा लावायला विसरू नका.

आता स्टिरिओ दुरुस्तीचं सगळ्यात मोठं बळ सांगतो. यंत्रात दोन चॅनेल असतात आणि दोन्ही एकसारखे असतात. डावा बिघडला असेल तर उजवा हाच तुमचा नकाशा. सर्किटचा कागद नसला तरी चालतं. चालू चॅनेलच्या एका ट्रान्झिस्टरच्या तिन्ही पायांवरचं व्होल्टेज मोजा, मग बिघडलेल्या चॅनेलमधल्या त्याच जागेच्या ट्रान्झिस्टरवर मोजा. जिथे आकडे वेगळे पडतात, बिघाड त्याच्या आसपास आहे. मोजताना मीटरचं काळं टोक चासीला क्लिपने अडकवा आणि एकाच हाताने काम करा. टोक घसरून दोन पाय एकमेकांना चिकटले तर चांगला चॅनेलही जातो, म्हणून मीटरच्या टोकांवर अगदी अणीपर्यंत स्लीव्ह चढवून घ्या. एक चॅनेल नकाशा म्हणून शाबूत राहावा, यासाठी कंडेन्सरही दोन्ही चॅनेलचे एकदम बदलू नयेत. आधी एका बाजूचे बदला, ऐका, मग दुसऱ्या बाजूचे.

स्पीकर जोडण्याआधी ॲम्प्लिफायरच्या स्पीकरच्या टोकांवर डीसी व्होल्टेज मोजायचं. आवाज बंद, काही जोडलेलं नाही, अशा स्थितीत ते 50 मिलिव्होल्टच्या आत असावं. व्होल्टमध्ये आलं तर स्पीकरची कॉइल जळेल. भारतात बनलेल्या जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये बहुधा स्पीकरच्या मार्गात 1000 किंवा 2200 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो आणि तो डीसीला अडवतो. तो सुकला की खर्ज हरवतो. 1000 मायक्रोफॅरडचा चांगला कंडेन्सर 8 ओहमच्या स्पीकरवर जवळजवळ 20 हर्ट्झपर्यंतचा आवाज सोडतो. त्याच जागी 4 ओहमचा स्पीकर लावला तर ती मर्यादा 40 हर्ट्झवर येते. मागे लिहिलेला ओहमचा आकडा पाळावा तो यासाठीही.

रेकॉर्ड प्लेअरकडे वळू. यात कोल्हापूरकरांचं नशीब चांगलं आहे, कारण इथे शिवाजी उद्यमनगर आहे. 1918 च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी ज्या शहरात स्वतःचा चित्रपटाचा कॅमेरा बनवला, तिथे पितळेची एक पुली कातून घेणं अवघड असण्याचं कारण नाही. पुली लागते कधी? अमेरिकेहून आलेल्या बऱ्याच जुन्या प्लेअरची मोटर 60 हर्ट्झच्या विजेवर चालण्यासाठी असते. आपली वीज 50 हर्ट्झची. मग 33⅓ फेऱ्यांची तबकडी मिनिटाला जेमतेम 28 फेरे घेते आणि गायक दमल्यासारखा वाटतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतात, हर्ट्झ बदलत नाहीत. उपाय म्हणजे मोटरच्या टोकाची पुली मूळ व्यासाच्या 1.2 पट मोठी करून घेणं. पट्टा असेल तर कातताना पट्ट्याची जाडीही हिशेबात धरावी लागते, म्हणून पुली आधी किंचित मोठी कातून घ्या आणि लावून बघत बघत कमी करा.

लेथवरच्या माणसाला सांगताना व्यासापेक्षा जास्त जोर एका गोष्टीवर द्या: छिद्र बरोबर मध्यावर हवं. दहा मिलिमीटरच्या पुलीत छिद्र 0.05 मिलिमीटर सरकलं, तर वेग प्रत्येक फेऱ्यात एक टक्का वर-खाली होतो. ऑइल इंजिनच्या कामात हे चालून जाईल. गाण्यात चालत नाही. तानपुऱ्याचा षड्ज हलताना कुणालाही ऐकू येतो, मग त्याला रागदारी कळत असो वा नसो. मी तर सांगेन की वेग तपासायला याहून चांगली तबकडी नाही. ज्यात सुरुवातीला नुसता तानपुरा थोडा वेळ वाजतो अशी एलपी लावा आणि डोळे मिटून ऐका. सूर तरंगला तर पुली, पट्टा किंवा तबकडीचं मधलं छिद्र, यांपैकी काहीतरी वाकडं आहे.

वेग बरोबर आहे का, हे बघण्याची साधी युक्ती आहे. तबकडीच्या कडेला कागदाची खूण चिकटवा आणि घड्याळ लावून मोजा. 33⅓ चा प्लेअर तीन मिनिटांत बरोबर शंभर फेरे घेतो. स्ट्रोबच्या चकतीने अधिक बारकाईने कळतं. 50 हर्ट्झवर चालणारा निऑनचा दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. त्यामुळे 33⅓ साठी 180 रेघांची चकती त्याच्या उजेडात स्थिर दिसते. 78 साठी 77 रेघा लागतात. एलईडीच्या उजेडात हे बहुधा जमत नाही.

गॅरार्डसारख्या जुन्या प्लेअरमध्ये पट्ट्याऐवजी रबराचं चाक मोटरला आणि तबकडीच्या ताटाला जोडतं. ते चाक वर्षानुवर्षं एकाच जागी दाबलेलं राहिलं की त्याला खाच पडते आणि आवाजात ‘धप्-धप्’ येऊ लागतं. आधी ते साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन बघा. खाच राहिली तर रबराची कड लेथवर अगदी हलकी घासून घेता येते, पण फार नाही. ताटाच्या खालच्या दांड्यात वाळून राळेसारखं झालेलं ग्रीस असतं. ते अल्कोहोलने पूर्ण काढा आणि हलकं मशिन ऑइल दोन थेंब घाला. ‘मोटर गेली’ म्हणून टाकून दिलेले कितीतरी प्लेअर एवढ्यानेच फिरू लागतात.

सुईबद्दल मी कडक आहे. भारतात विकल्या गेलेल्या बहुतेक घरगुती प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असते. तिचं वजन तबकडीवर पाच-सहा ग्रॅम किंवा त्याहून जास्त पडतं आणि झिजलेली सुई खाचा खरवडून काढते. त्यातून निघालेला स्वर परत भरता येत नाही. म्हणून यंत्राचं बाकी काहीही करायच्या आधी सुई नवी घ्या. सुईच्या तुकड्यावर ‘78’ आणि ‘एलपी’ अशा दोन बाजू असतील, तर त्या उलटसुलट वापरू नका. 78 ची खाच रुंद असते, तिला साधारण 75 मायक्रॉनची सुई लागते. एलपीची सुई तिच्यात तळाला घासत जाते आणि फक्त खरखर वाचते.

78 च्या तबकड्यांविषयी आणखी एक गोष्ट. त्या लाखेच्या असतात. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एलपीसाठी आणलेलं अल्कोहोलचं क्लीनर 78 वर ओतलं तर तबकडी कायमची जाते. 78 धुवायला डिस्टिल्ड पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, मधलं कागदी लेबल कोरडं ठेवून. मग स्वच्छ पाण्याने पुसून सावलीत उभी वाळवायची. पावसाळ्यात कोल्हापूरच्या हवेत तबकड्यांवर बुरशी येते, ती याच रीतीने निघते. आडव्या थप्पीत ठेवलेल्या तबकड्या वाकतात, त्यांना उभ्या ठेवा. 1977 साली व्हॉयेजर यानांसोबत जी सोनेरी तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे. तिच्यासोबत कार्ट्रिज, सुई आणि ती कोणत्या वेगाने वाजवायची याची चित्रलिपीही पाठवली आहे. योग्य सुई आणि योग्य वेग, एवढं दोन्ही आपल्या घरातल्या तबकडीलाही मिळायला हवं.

स्पीकरच्या बाबतीत आपल्या गावात कारागिरांची कमतरता नाही. मिरवणुकांच्या डॉल्बीसाठी कॉइल बदलणारे, कोन बसवणारे लोक इथे वर्षभर काम करतात आणि त्यांचा हात तयार असतो. फक्त त्यांना घरगुती स्पीकरची गरज वेगळी आहे, हे सांगावं लागतं. डॉल्बीचा कोन जाड आणि जड असतो. तो जुन्या फिलिप्सच्या कागदी कोनाच्या जागी बसला तर स्पीकर मोठ्याने ओरडेल, गाणार नाही. मूळ कोन धड असेल तर तोच ठेवून फक्त कड बदलायला सांगा. परदेशी स्पीकरची कड बहुधा फोमची असते आणि आपल्या दमट हवेत ती बोटाला चिकटून पावडर होते. नवी फोमची कड मिळते आणि घरीही चिकटवता येते, पण कोन मध्यावर आहे हे दोन बोटांनी हळूच दाबून तपासा. आतून घासल्याचा आवाज येता कामा नये. कापडाच्या किंवा कागदाच्या कडेला मात्र हात लावू नका. स्पीकरच्या पेटीतल्या क्रॉसओव्हरमध्ये दोन-तीन कंडेन्सर असतात. तेही सुकलेले असतात, आणि ते बदलले की ट्विटर पुन्हा उमलतो.

पुरात भिजलेल्या यंत्रांबद्दल वेगळं लिहिणं भाग आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी घराघरांत शिरलं आणि तळमजल्यावरची कपाटं बुडाली. असं यंत्र अजून तसंच पडून असेल तर ते वाळलं आहे म्हणून सुरू करू नका. पुराचा गाळ सुकून विजेला वाट करून देतो. पट्टी सुटी करून स्वच्छ पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा, शेवटी डिस्टिल्ड पाण्याने, आणि पंख्याखाली कित्येक दिवस वाळू द्या. पट्टीला पाण्याने काही होत नाही. प्रश्न ट्रान्सफॉर्मरचा असतो, कारण पाणी गुंडाळ्यांच्या आत राहतं. मोटर रिवायंडिंगच्या दुकानात मेगर असतो, तिथे त्याची इन्सुलेशन तपासून घ्या. ती कमी भरली तर तेच कारागीर वेढे मोजून तो नव्याने भरून देतात. मूळ वायरचा गेज आणि वेढे जसेच्या तसे ठेवायला सांगा. स्पीकरचा कागदी कोन भिजून फुगला असेल तर तो बदलावाच लागतो.

कॅसेट आणि स्पूल यांबाबत थोडक्यात. डेकचे पट्टे विरघळून डांबरासारखे होतात; तो काळा राप अल्कोहोलने आधी पूर्ण काढा, मगच नवा पट्टा घाला. हेड अल्कोहोलने पुसावा, रबरी रोलर साबणाच्या पाण्याने. घरात कुणाच्या मैफलीची खासगी टेप असेल तर ती नव्याने जुळवलेल्या डेकवर पहिल्यांदा लावू नका. आधी टाकाऊ कॅसेट दोनदा पूर्ण वाजवा. दुर्मीळ टेप पहिल्या वेळीच संगणकावर उतरवून घ्या, कारण ती दुसऱ्यांदा वाजेलच याची खात्री नसते.

हे सगळं झालं, यंत्र वाजू लागलं, की मग सुधारणेचा विचार. जास्त वॅटच्या मागे लागू नका. वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. दहा बाय बाराच्या खोलीत चॅनेलमागे पंधरा वॅट पुष्कळ होतात. पैसे खर्च करायचे तर पहिल्यांदा सुई आणि कार्ट्रिजवर करा, मग स्पीकरवर. सिरॅमिकच्या जागी मॅग्नेटिक कार्ट्रिज घ्यायची असेल तर तिची तयारी मोठी आहे: सिरॅमिक काहीशे मिलिव्होल्ट देते, मॅग्नेटिक अवघे चार-पाच. म्हणून मधे आरआयएए इक्वलायझेशन असलेला फोनो प्रीॲम्प लागतो, आणि प्लेअरचा हात दीड-दोन ग्रॅमवर मोकळा फिरणारा हवा. जुन्या जड हातावर ती बसत नाही. अशा वेळी तो प्लेअर 78 साठी ठेवा आणि एलपीसाठी दुसरा घ्या, हेच मी सुचवतो.

मागची गोल डीआयएन सॉकेटं कापून टाकून तिथे नवी बसवण्याची घाई लोक करतात. त्याची गरज नाही. पाच पिनांच्या डीआयएनमध्ये मधली, म्हणजे क्रमांक 2 ची पिन ग्राउंड, 3 डावा आणि 5 उजवा चॅनेल. एवढी एक केबल बनवली की मोबाइल, सीडी, काहीही जोडता येतं. ब्लूटूथचा रिसीव्हर यंत्राच्या पोटात बसवू नका. त्याची घरघर आत शिरते. तो बाहेर, स्वतःच्या वेगळ्या ॲडॉप्टरवर ठेवा. घूंऽऽ असा सततचा आवाज असेल तर प्लेअरची ग्राउंडची बारीक वायर ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला लावली आहे का ते आधी बघा. ट्रान्सफॉर्मर असलेल्या आणि पत्र्याची पेटी असलेल्या यंत्राला तीन पिनांचा प्लग लावून अर्थ जोडणं ही मात्र अशी सुधारणा आहे, जी कधीच वाया जात नाही.

खोलीकडेही लक्ष द्या. शहाबादी फरशी आणि रिकाम्या भिंती आवाज परतवून देतात. स्पीकरच्या पुढे सतरंजी पसरली आणि स्पीकर कोपऱ्यातून हातभर बाहेर आणले, तर जो फरक पडतो तो महागड्या वायरने पडत नाही.

काम पूर्ण झालं की झाकण बंद करण्याआधी एका कागदावर तारीख, बदललेल्या प्रत्येक भागाचा आकडा, पॉवर सप्लायचं मोजलेलं व्होल्टेज, स्पीकरच्या टोकावरचे मिलिव्होल्ट आणि फ्यूजचा आकडा लिहून तो झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. काढलेले जुने भाग एका पिशवीत घालून, नाव टाकून ठेवा. पुढच्या वेळी झाकण उघडणारा कुणीही असो, तुम्ही किंवा दुसरा कारागीर, त्याला शोधाशोध न करता थेट कामाला लागता येईल.